बिनअंगठ्याचा अर्ज

कॉलेजात नाव घालायला वडील माझ्याबरोबर औरंगाबादला आले होते. खिडकीतल्या कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, वडिलांच्या पटक्याकडे पाहिलं आणि काही न विचारता अंगठ्याच्या शाईची डबी पुढे सरकवली. वडिलांनी ती बोटानं हळूच परत आत ढकलली.

"टाक द्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सही करायला घेतली. मागे रांग होती. रांगेतली पोरं शहरातली, त्यांचे बाप कोटातले. वडिलांनी आधी कागद सरळ केला, मग स्वतः सरळ झाले, मग टाकाचं टोक उजेडाकडे धरून पाहिलं. 'ग्यानबा रामजी' एवढी अक्षरं लिहायला त्यांना जो वेळ लागला, त्यात कारकुनानं दोनदा च्यक्‌ केलं आणि मागच्या कोणीतरी जांभई दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहून झाल्यावर वडिलांनी कागद हातभर लांब धरला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "बराबर हाय."

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसलो. ते पुढचं वाक्य आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे: "पर दुरुस्त न्हाई." ते अत्तारचाचांचं वाक्य. त्या वाक्यानं आमच्या गावाची शाळा किती लांबवली आणि आणलीही कशी, हे लिहावं असं त्या दिवशी मनात आलं. मला नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमचं गाव नरसीच्या अलीकडे, कयाधूच्या काठी. हसनचाचा अत्तार आमच्या घरापासून चौथ्या घरात राहत. खांद्याला लाकडी पेटी. तिच्यात अत्तराच्या कुप्या, सुरमा, कुंकू, बुक्का, सुया, दोरे. आठवड्यातले पाच दिवस ते गावोगावचे बाजार करत आणि उरलेले दोन दिवस आमच्या गावाला वैताग आणत. उंच, वाळलेले, दाढीला मेंदी. कधी बसायचे नाहीत. लग्नात, मयतीत, पारावर, कुठेही उभे. "बसा की चाचा," म्हटलं तर म्हणत, "बसलेल्या माणसाचं काम बी बसते."

आणि कशातही चूक काढत. कुणी नवं घर बांधलं, कुणी मिरच्या वाळत घातल्या, कुणी लेकराचं नाव ठेवलं, चाचा मान तिरपी करून पाहणार आणि म्हणणार, "बराबर हाय, पर दुरुस्त न्हाई." यातला फरक काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, "त्या माणसाच्या बायकोला जन्नत मिळणार बघा. हितंच भोगून झालं तिचं."

गावात उर्दू लिहिणारे तेवढे एक चाचा. सरकारदरबारी काही मागायचं तर उर्दूत मागावं लागे, म्हणून सगळ्या गावाचे अर्ज त्यांच्या हातचे. कागद चुरगळू नयेत म्हणून ते पेटीत ठेवत, त्यामुळे आमच्या गावच्या प्रत्येक अर्जाला हिन्याचा वास यायचा. हिंगोलीच्या कचेरीत म्हणे टपाल उघडण्याआधीच कारकून ओळखायचे, आला त्या गावचा कागद.

तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. चार वर्ग आणि एक गुरुजी. पहिलीचे पाढे, दुसरीचं वाचन, तिसरीची गणितं आणि चौथीचा भूगोल हे सगळं एकाच सभामंडपात, एकाच वेळी, ओरडून. पहिलीत असताना मला चौथीच्या नद्या पाठ झाल्या होत्या आणि चौथीत गेल्यावरही कानात पाढेच येत होते. चौथीनंतर काही नाही. पुढं शिकायचं तर हिंगोली, आणि हिंगोलीत कुणाचं कोण होतं? पोरगं चौथी झालं की बैलांमागं. पोरगी तर तिथपर्यंतही येत नसे.

मी चौथीत होतो त्या वर्षी गावानं ठरवलं, सरकारकडे मागायचं. दुसरा गुरुजी, सरकारी पगाराचा, आणि पाचवीचा वर्ग. चाचांनी आपणहून आणखी एक मागणी घातली. वरच्या वर्गांना सगळं उर्दूतून शिकवत. ते पाचवीपुरतं तरी मराठीत व्हावं. पाटील म्हणाले, "हसनभाई, तुमीच उर्दूवाले, अन तुमीच मराठी मागून राहिले?"

"माह्या नातवाला उर्दू येते घरातून," चाचा म्हणाले. "ग्यानबाच्या पोराला न्हाई येत. त्याला भूगोल शिकवाचा का भाषा? दोन वझी एकाच बैलावर काहून टाकता?"

नियम असा होता की अर्जावर गावातल्या चाळीस बापांची निशाणी पाहिजे. पाटील म्हणाले, "हात्तिच्या! उद्या सकाळच्याला चाळीस अंगठे करून देतो."

"अंगठे न्हाई," चाचा म्हणाले. "सह्या."

सगळे हसले. गावात सही येणारे मोजून सहा.

"आरं अत्तारा," पाटील म्हणाले, "सही येत असती तर शाळा कशाला मागतली असती?"

या वाक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

चाचांचं म्हणणं निराळं होतं. "साहेब चाळीस अंगठे पाहीन अन म्हणीन, याह्यचं तर अंगठ्यावर भागून राहिलं, याह्यला शाळा कशाला? शाळा मागाची तर उभं राहून मागाची." अर्ज त्यांच्या हातात, उर्दू त्यांच्या बोटात. त्यांनी लिहायचंच नाही म्हटल्यावर गाव काय करणार?

मग ते सुरू झालं. गुरुजींनी एकेका बापाचं नाव मोठ्या अक्षरांत कागदाच्या तुकड्यावर लिहून द्यायचं. चाचा त्याच कागदात चिमूटभर कुंकू बांधून पुडी करत आणि घरोघर देत. कुंकू बायकोचं, कागद नवऱ्याचा. नवऱ्यानं तो पाहून पाहून गिरवायचा. आठ दिवसांनी चाचा पाटी घेऊन दारात उभे. जमलं तर कानात अत्तराचा फाया. गिऱ्हाइकाला फाया फुकट द्यायचा हा अत्ताराचा रिवाजच असतो, पण चाचांनी गावात तो बंद करून टाकला. "पैले नाव, मंग फाया." त्यामुळं कुणाची सही झाली हे वाऱ्यावरून कळायचं. बाया विहिरीवर एकमेकींना विचारायच्या, "तुह्या घरच्याला वास येते का गं?"

माझ्या वडिलांना सात महिने वास आला नाही.

ते पुडीचा कागद पटक्यात खोचून शेतात नेत. ढेकळावर लिहीत, बांधावर लिहीत. बैलांच्या गोठ्यात कोळशानं भिंतभर 'ग्यानबा ग्यानबा' झालं होतं. आई म्हणायची, आता बैलांनाच येत असेल. चाचा येत, पाटीवरची सही आणि पुडीवरचं नाव शेजारी शेजारी धरत, मान तिरपी करत. "बराबर हाय, ग्यानबा. पर दुरुस्त न्हाई."

एकदा वडील उसळले. "नांगर धरणारा हात हाय हा, चाचा! टाक धरणारा न्हाई."

"तुही तासं सरळ पडते का न्हाई?"

"पडते."

"मंग हे बी तासच हाय. फक्त काळं."

वडिलांनी पाटी भिरकावली. चाचांनी ती उचलली, फुटली नाही ना पाहिलं, धोतराला पुसून परत त्यांच्या हातात दिली आणि उभेच राहिले. त्यांच्या त्या उभं राहण्याला तोडच नव्हती. माणूस शिव्या देऊन थकायचा आणि मग लिहायला बसायचा.

शेवटी चाळीस झाल्या. अर्ज लिहिला, सह्या घेतल्या. शेवटून दुसरी सही करताना किसन तेल्याच्या म्हाताऱ्या हातानं शाईचा थेंब पाडला. चाचांनी कागद पाहिला आणि अख्खा अर्ज फाडला. एकोणचाळीस माणसांनी पुन्हा सह्या केल्या. त्या दिवशी गावात चाचांबद्दल जे बोललं गेलं ते मला इथं लिहिता यायचं नाही. एव्हाना मी चौथी पास होऊन घरी बसलो होतो आणि बैलांमागं जाऊ लागलो होतो. वडील रोज संध्याकाळी विचारत, "पाढे आठवते का रं?" मी म्हणे आठवतात. काही आठवत नव्हते.

अर्ज हिंगोलीला गेला. चाचा स्वतः चालत घेऊन गेले. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पारावर सगळे जमले. चाचांनी कागद उघडला, मनात वाचला, आणि मग गावानं कधी पाहिलं नव्हतं ते केलं. ते खाली बसले.

"काय लिवलंय, चाचा?" वडिलांनी विचारलं.

चाचांनी सांगितलं. तालीमातच्या, म्हणजे शिक्षणखात्याच्या साहेबांचा शेरा होता, की अर्जावर चाळीसच्या चाळीस सह्या आहेत, एकही अंगठा नाही. म्हणजे गाव चांगलंच शिकलेलं दिसतं. दुसरा मास्तर आणि जादा वर्ग हे ज्या गावांत अडाणीपणा जास्त त्यांना आधी द्यायचं सरकारचं धोरण आहे. सबब, अर्ज नामंजूर.

पाटील इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मी काय म्हणलं होतं? काय म्हणलं होतं मी?" ते परत परत म्हणत होते. बाकी कुणी हसलं नाही. किसन तेली एवढंच बोलला, "माह्या थेंबासगट दिला असता तर बरं झालं असतं."

पाटलांनी तिथल्या तिथं ठरवलं: नवा अर्ज, चाळीस अंगठे, आणि उद्याच. चाचा मान खाली घालून म्हणाले, "लिहून देतो." त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाईची डबी आली. पहिले आठ-दहा अंगठे पटापट झाले. मग वडिलांची पाळी आली. वडिलांनी अंगठा पाहिला, डबी पाहिली आणि हात मागे घेतला.

"मी न्हाई लावणार."

"काहून?"

"मला सही येते."

"आरं पण सहीमुळंच तर..."

"येते म्हणलं न. सात महिने घातले मी. आता मला येत न्हाई असं सरकारला खोटं काहून सांगू?"

त्यांच्यामागं आणखी बारा-तेरा जण अडून बसले. ज्यांनी पाट्या भिरकावल्या होत्या, तेच. पाटील संतापानं लाल झाले. "ह्या अत्तारानं गावाचं वाटोळं केलं! धड अडाणी ठेवलं न्हाई, धड शहाणं केलं न्हाई!" मला वाटतं, चाचांबद्दल इतकं खरं कुणी बोललं नसेल. पण पोरगा घरी बसला होता तो माझ्या बापाचा, आणि तरी बाप अंगठा लावायला तयार नव्हता. मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही, पण तेव्हा आला होता.

चाचा दुसऱ्या दिवशी पेटी न घेताच हिंगोलीला गेले. तिसऱ्या दिवशी गेले. कचेरीच्या दारात उभे राहिले असणार, बसा म्हटलं तरी बसले नसणार. अकराव्या दिवशी ते तालीमातच्या साहेबाला टांग्यात घालून गावात घेऊन आले. साहेब फार वैतागलेला होता. आमच्या गावच्या सगळ्यांना जे वाटत आलं होतं ते परक्या माणसाच्या तोंडावर पाहून बरं वाटलं.

देवळात सतरंजी टाकली. चाचा साहेबाला म्हणाले, "हुजूर, सह्या आहेत, खरं आहे. इम्तिहान घ्या." आणि त्यांनी सगळ्यांत आधी माझ्या वडिलांना पुढं बोलावलं. पाटी हातात दिली.

साहेबानं गुरुजींकडून सांगवलं, "पाणी लिहा."

वडिलांनी पाटी सरळ केली, स्वतः सरळ झाले आणि लिहिलं: ग्यानबा रामजी.

"बैल लिहा."

वडिलांनी थोडा विचार केला. ग्यानबा रामजी.

"तुमच्या गावाचं नाव?"

ग्यानबा रामजी.

तिन्ही अगदी सुबक होत्या. पुडीवरच्या नावासारख्या. साहेब आधी हसला, मग त्यानं पाटीकडं पाहिलं, मग वडिलांकडं, आणि हसणं थांबवलं. वडिलांचा चेहरा मी पाहिला नाही. मी खांबामागं होतो, आणि तिथून दिसत असूनही पाहिलं नाही. साहेबानं दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. पाणी म्हटलं की प्रत्येक जण आपापलं नाव लिहीत होता. एवढ्या मोठ्या देवळात खडूचा आवाज तेवढा येत होता.

साहेब उठला आणि चाचांना म्हणाला, "बस करो, मियाँ. समझ गया." दुसरा गुरुजी आणि पाचवी मंजूर झाली. मराठीच्या मागणीवर 'विचाराधीन' असा शेरा पडला, आणि तो विचार पुढं किती तरी वर्षं चालला. जे नवे मास्तर आले त्यांना मराठी येत नव्हती. पोरं पाचवीत भूगोल शिकत होती की भाषा, ते चाचांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मंजुरीचा कागद येईपर्यंत वडिलांनी हिंगोलीत कसाबसा एक दूरचा नातेवाईक शोधून मला त्याच्याकडे टाकलं होतं, तेव्हा त्या वर्गाचा मला उपयोग झाला नाही. माझी धाकटी बहीण त्यात बसली. गावातली पाचवी शिकलेली ती पहिली मुलगी.

वडील मात्र चाचांशी वर्षभर बोलले नाहीत. "चार लोकांत नागवं केलं मला," म्हणत. चाचा बाजारावरून येताना आमच्या दारात उभे राहत. फाया पुढं करत. वडील घेत नसत. चाचा तो फाया चौकटीच्या फटीत खोचून निघून जात. आमच्या घराच्या चौकटीला अजून हिन्याचा वास येतो. बहिणीचं नाव पाचवीत घालायच्या दिवशी वडिलांनी सही केली तेव्हा चाचा शेजारीच उभे होते. मान तिरपी करून त्यांनी पाहिलं. सगळे वाट पाहत होते. चाचा म्हणाले, "बराबर हाय." आणि एवढ्यावरच थांबले. त्या दिवशी वडिलांनी फाया घेतला.

मी चाचांना शेवटचं पाहिलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, सन अठ्ठेचाळीसच्या. राज्य बदललं होतं. त्या दिवसांत आसपास पुष्कळ वाईट घडलं, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावात काही झालं नाही, पण चाचांची पेटी दोन महिने उघडली नव्हती आणि ते घराबाहेर पडत नव्हते. पाटील आणि वडील आळीपाळीनं त्यांच्या ओट्यावर राखणीला निजत होते. पाटील म्हणत, "निजतो कसला, रातभर माह्या घोरण्यातल्या चुका काढते ते म्हातारं."

नवे साहेब बाहेरून आलेले, त्यांना उर्दू येत नव्हती. गावानं सातवीपर्यंतच्या वर्गांचा अर्ज करायचं ठरवलं, आता मराठीत. तो मी लिहिला. या वेळी सह्या भराभर झाल्या. पुष्कळशा त्या पाचवीतून निघालेल्या पोरांच्या होत्या. अर्ज चाचांकडे नेला. पहिली सही त्यांची, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण वरची जागा सगळ्यांनी आपसूक मोकळी सोडली होती.

चाचांनी कागद लांब धरून पाहिला. टाक घेतला नाही.

"माही सही मराठीत पायजे," ते म्हणाले. "साहेबाला वाचता आली पायजे."

"करा मंग मराठीत," वडील म्हणाले.

"येत न्हाई."

कुणाला कळेना. वडील म्हणाले, "येत न्हाई म्हंजे? आमच्या सह्या दुरुस्त करत होते न तुमी?"

"वाचत कुठं होतो? पुडीवरचं अन पाटीवरचं एकावानी दिसते का न्हाई, तेवढं पाहत होतो."

वडिलांनी पटका काढून हातात घेतला. मग म्हणाले, "सात महिने, चाचा!"

"उर्दूत करा की, कोण इचारते!" पाटील ओरडले. "न्हाई तर अंगठा लावा!" आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी स्वतःच जीभ चावली.

चाचांनी आत जाऊन पेटी आणली. दोन महिन्यांनी ती उघडली. तिच्यातून पुडीचा एक कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला. मी त्यावर मोठ्या अक्षरांत 'हसन अत्तार' लिहिलं.

अर्ज तिथंच अडला. आठ दिवस झाले, दहा झाले. पाटील रोज येऊन कपाळ बडवत होते. माझी सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सकाळी गाडी जुंपली आणि त्यांच्या घरावरून जाताना मी थांबवली. चाचा ओट्यावर बसले होते, मांडीवर पाटी. वडील त्यांच्यासमोर उभे होते, एका हातात पुडीचा कागद, खांद्यावर आसूड. शेताला जायला त्यांना केव्हाच उशीर झाला होता.

चाचांनी लिहून पाटी वर केली. वडिलांनी कागद तिच्याशेजारी धरला आणि मान तिरपी केली.

"बराबर हाय, चाचा," ते म्हणाले. "पर दुरुस्त न्हाई."

चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागले.